आपल्या रात्रीची गवाही

महिन्याची 29 तारीख आली की आपल्या घरांतली माणसे मगरिबनंतर गच्चीवर चढतात. लहान मुले, आजी, कामावरून नुकतेच आलेले अब्बू, सगळे पश्चिमेकडे डोळे लावून उभे राहतात. चाँद दिसला तर पाहणारा पुढे येऊन गवाही देतो. आपल्या क्षितिजावर काय दिसले, हे आपल्यालाच सांगावे लागते. दुसऱ्या मुलखातल्या माणसाकडे कितीही मोठी दुर्बीण असली तरी त्याला आपल्या गावचे ढग दिसत नाहीत.

चाँद पाहून झाला की आपण खाली उतरतो आणि पुढच्या 29 तारखेपर्यंत गच्चीवर फक्त कपडे आणि पापड वाळतात. मधल्या रात्रीही आकाशात गवाही देण्यासारखे बरेच काही घडत असते. ते टिपण्याचे काम जगभर हजारो हौशी माणसे करतात. त्यांत शिक्षक आहेत, कारकून आहेत, दुकानदार आहेत. त्यांतली काही आता व्हिडिओ कॅमेरा वापरतात. या महिन्यात त्यांच्याच कामाविषयी बोलू या, कारण हे काम आपल्या घरातला नववीतला मुलगा किंवा मुलगीही करू शकते.

तारे कायम एकसारखे तेवतात असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कित्येक ताऱ्यांचा उजेड कमीजास्त होतो. मराठीत त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. काही तारे स्वतःच फुगतात आणि आकसतात. काहींवर अचानक स्फोट होतो. काही ठिकाणी दोन तारे एकमेकांभोवती फिरतात आणि एक दुसऱ्याच्या आड आला की आपल्यापर्यंत पोचणारा उजेड घटतो.

या शेवटच्या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध तारा ययाती तारकासमूहात आहे. मराठी पुस्तकांत त्याचे नाव मायावती. जग त्याला अल्गोल म्हणते आणि हे नाव अरबी आहे, रास-अल-गूल, म्हणजे गूलचे डोके. लहानपणी आजीच्या गोष्टीत ऐकलेला हाच तो गूल. दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी या ताऱ्याचा उजेड उतरतो. साधारण पाच तास तो मंद होत जातो, एक तृतीयांशाच्या आसपास येतो आणि पुढच्या पाच तासांत पुन्हा पहिल्यासारखा होतो. कोणत्याही यंत्राशिवाय, नुसत्या डोळ्यांना हे दिसते.

ताऱ्यांचा उजेड काळजीपूर्वक नोंदवण्याची परंपरा जुनी आहे. इराणमधल्या रय्य शहराचे अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी 964 साली ताऱ्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यांच्यापुढे आठशे वर्षांपूर्वीची टॉलेमीची यादी होती. पण यादीतला आकडा तसाच उतरवून घेण्यापेक्षा त्यांनी तारे पुन्हा पाहिले आणि स्वतःच्या डोळ्यांना दिसलेली प्रत लिहिली. देवयानी तारकासमूहातल्या एका अंधूक ढगाचीही त्यांनी नोंद केली. आज आपण त्याला देवयानी दीर्घिका म्हणतो.

अल्गोलचे वेळापत्रक मांडले ते इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या जॉन गुडरिक या तरुणाने. लहानपणीच्या आजारात त्याची ऐकण्याची शक्ती गेली होती. 1782 च्या नोव्हेंबरात, वयाच्या अठराव्या वर्षी, अल्गोल मंद झालेला त्याच्या लक्षात आला. मग तो रात्रीमागून रात्री पाहत राहिला. पुढच्या वर्षी त्याने मंद होण्याचा काळ किती ते सांगितले आणि एखादा काळोखा गोल ताऱ्यासमोरून जात असावा, असा अंदाजही मांडला. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिले. 1786 मध्ये, अवघ्या 21 व्या वर्षी, तो वारला. त्याचा अंदाज बरोबर होता हे त्यानंतर शंभरएक वर्षांनी, 1889 मध्ये, ताऱ्याच्या प्रकाशाचे पृथक्करण करून सिद्ध झाले. ज्या घरात कमी ऐकू येणारे मूल आहे, त्या घराने गुडरिकची हकिकत त्या मुलाला जरूर सांगावी.

आता कुणी विचारील, हे सगळे 240 वर्षांपूर्वीच कळले, तर आज पुन्हा अल्गोल कशाला पाहायचा? आणि मोठ्या दुर्बिणी, उपग्रह असताना गच्चीवरच्या माणसाची गरज काय?

पहिले कारण असे की अल्गोलचा हिशोब अजून मिटलेला नाही. त्या जोडीतला एक तारा आपले द्रव्य दुसऱ्याला देत आला आहे. आज जो वजनाने हलका आहे, तो एके काळी जड होता. शिवाय दूरवरून एक तिसरा ताराही त्यांच्याभोवती फिरतो. अशा जोड्यांत मंद होण्याचा क्षण काही वर्षांत थोडा पुढे-मागे सरकतो. तो किती सरकला हे कळले की तिथे काय चालले आहे याचा पत्ता लागतो. त्यासाठी वर्षानुवर्षांच्या वेळांची वही लागते.

दुसरे कारण, मोठ्या दुर्बिणींना ठळक तारे झेपत नाहीत. फार उजेडाने त्यांचा कॅमेरा दिपून जातो. 2019 च्या अखेरीस मृग नक्षत्रातला काक्षी हा तांबडा तारा मंद व्हायला लागला. त्याचे जगातले नाव बेटेलज्यूज, आणि तेही अरबी 'जौज़ा'वरून आलेले. 2020 च्या फेब्रुवारीत त्याचा उजेड नेहमीच्या साधारण एक तृतीयांशावर उतरला होता. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ आड आली, असे पुढे संशोधकांनी सांगितले. त्या महिन्यांत हौशी माणसांनी साध्या डोळ्यांनी आणि छोट्या कॅमेऱ्यांनी केलेल्या नोंदी फार कामाला आल्या.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अल्गोलचे दोन मंदक्षण तीन दिवसांना 3 तास 11 मिनिटे कमी इतक्या अंतराने येतात. म्हणजे आज तो रात्री एक वाजता सर्वांत मंद असेल, तर तीन दिवसांनी रात्री 9 वाजून 49 मिनिटांनी असेल. आणखी तीन दिवसांनी संध्याकाळी 6 वाजून 38 मिनिटांनी. त्याच्या पुढचा क्षण आपल्या दुपारी साडेतीनला येतो. तेव्हा आपल्याकडे ऊन असते आणि जपानात संध्याकाळ झालेली असते. असे करत तो क्षण अमेरिकेच्या रात्रीत जातो, मग युरोपच्या, आणि सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा आपल्या रात्रीत येतो. आपल्या वाट्याला आलेला क्षण अमेरिकेतल्या माणसाला दिसू शकत नाही, तिथे तेव्हा दिवस असतो. आपण झोपून राहिलो तर वहीतले ते पान कोरेच राहते.

जुन्या लोकांना ही गोष्ट कळली होती. रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी गोळा करण्यासाठी 1911 मध्ये अमेरिकेत एक संघटना निघाली, अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स. आज तिच्याकडे चार कोटींहून जास्त नोंदी आहेत. या संघटनेला आपल्याकडच्या रात्रीची नोंद पाठवणारा माणूस होता राधागोविंद चंद्र. अखंड बंगालमधल्या जेसोर गावी सरकारी खजिन्यात तो नोकरीला होता. शाळेची शेवटची परीक्षाही त्याला पास होता आले नव्हते. 1910 मध्ये हॅलेचा धूमकेतू पाहून त्याला आकाशाचा नाद लागला. मग पदरच्या पैशाने तीन इंची दुर्बीण घेतली. त्याच्या नोंदी इतक्या चोख होत्या की 1926 मध्ये संघटनेने त्याला अमेरिकेतून सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली. 1954 पर्यंत त्याने 37 हजारांहून जास्त नोंदी केल्या. फाळणीनंतर जेसोर सुटले, पण दुर्बीण आणि वही सुटली नाही.

दख्खनमध्येही अशी माणसे होती. हैदराबादचे नवाब जफर जंग यांनी हौसेने 15 इंची दुर्बीण आणवली आणि 1901 मध्ये वेधशाळा काढली. तीच पुढे निजामिया वेधशाळा झाली. तिथे काम करणाऱ्या एका नोकरदाराचा मुलगा विद्यार्थी असतानाच रूपविकारी ताऱ्यांवर लेख लिहू लागला. पुढे भारतातले नामवंत खगोलशास्त्रज्ञ झालेले वेणू बाप्पू ते हेच. पुण्यात 1944 मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ती देशातली सर्वांत जुनी संस्था. नगरहून पुणे काही दूर नाही. सुट्टीत मुलांना घेऊन जाण्यासारखी ती जागा आहे.

आता व्हिडिओकडे येऊ. ताऱ्याचा उजेड मोजण्याची रीत सोपी आहे. शेजारच्या, न बदलणाऱ्या ताऱ्याशी त्याची तुलना करायची. डोळ्याने हे करता येते, पण डोळा थकतो आणि दोन माणसांचे अंदाज जुळत नाहीत. फोटो काढला तर दुसरी अडचण येते. हवेच्या हालचालीने तारा लुकलुकतो. फोटो नेमका तारा चमकला तेव्हा निघाला की दबला तेव्हा, हे कळत नाही. व्हिडिओमध्ये एका सेकंदाला 25 चित्रे निघतात. तीस सेकंदांत 750 झाली. सगळ्यांची सरासरी काढली की लुकलुकणे बरेचसे धुऊन निघते. दहावीच्या गणिताने सांगायचे तर, जितकी चित्रे त्या संख्येच्या वर्गमुळाइतक्या पटीने असा चढउतार कमी होतो. 750 चे वर्गमूळ सुमारे 27.

व्हिडिओचा दुसरा फायदा वेळेचा. कोणते चित्र कोणत्या क्षणी निघाले हे ठरवता येते. परदेशातले हौशी लोक अंधारात चालणारे, पाळत ठेवायला बनवलेले कॅमेरे दुर्बिणीला जोडतात आणि उपग्रहाकडून मिळणारी वेळ प्रत्येक चित्रावर छापतात. पूर्वी ही सोय नव्हती तेव्हा शेजारी रेडिओ लावून ठेवत. रेडिओवरचे वेळेचे ठोके व्हिडिओच्या आवाजात नोंदले जात. तिसरा फायदा असा की हे रेकॉर्डिंग जपून ठेवता येते. दहा वर्षांनी दुसरा कोणी आपला आकडा तपासू शकतो.

मात्र कॅमेरा मोकळा सोडला तर तो खोटे बोलतो. मोबाइल असो वा मोठा कॅमेरा, अंधार दिसला की तो आपोआप उजेड वाढवतो, चित्र 'सुंदर' करतो. तारा मंद झाला की नेमके तेच तो लपवून टाकतो. म्हणून सगळे 'ऑटो' बंद करायचे. फोकस हाताने लावायचा आणि किंचित सैल ठेवायचा, म्हणजे ताऱ्याचा ठिपका थोडा पसरतो आणि भाजल्यासारखा पांढरा होत नाही. रात्रभर त्याच सेटिंगवर काम करायचे. मोबाइलच्या व्हिडिओत फक्त अगदी ठळक तारे येतात. अल्गोलसाठी लेन्स बदलता येणारा कॅमेरा आणि 50 मिलिमीटरची साधी लेन्स पुरते.

असा कॅमेरा आणायचा कुठून? आमच्या केडगावात एका शेजाऱ्याचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा आहे. निकाह आणि वलीम्याचे चित्रण ज्या कॅमेऱ्याने होते, तोच कॅमेरा लग्न नसलेल्या रात्री त्याने आमच्या मुलींना दिला, वर तिपाईही. रात्री मुलींनी गच्चीवर कशाला जायचे, हा प्रश्न घराघरांतून आला. मग दोघींच्या अम्मी शाल पांघरून, थर्मासमध्ये चहा घेऊन सोबत बसल्या आणि प्रश्न मिटला. पुणे रस्त्याचे दिवे आकाश धुरकट करतात, तरी अल्गोल दिसतो. नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. पाण्यासाठी आपण वर्षभर तरसतो, पण हिवाळ्यात आकाश मात्र रात्रीमागून रात्री स्वच्छ मिळते.

मुलींनी साडेसातपासून बारापर्यंत दर पंधरा मिनिटांनी तीस सेकंदांचे चित्रण केले. त्या रात्रीचा मंदक्षण 9 वाजून 50 मिनिटांनी अपेक्षित होता. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर आकडे काढून आलेख कागदावर मांडला. मंदक्षण शोधायची युक्ती सोपी आहे. उतरताना आणि चढताना उजेड सारखा असेल अशा दोन वेळा घ्यायच्या आणि त्यांचा मध्य काढायचा. त्या दोन वेळा आल्या आठ वाजता आणि 10 वाजून 58 मिनिटांनी. मध्य आला 9 वाजून 29 मिनिटे. अपेक्षेपेक्षा 21 मिनिटे आधी.

एका मुलीचे तोंड उतरले. तिने खोडरबर उचलला आणि विचारले, "मॅडम, पुस्तकात आहे तसे करू का?" वर्गात नेहमी हेच होते. प्रयोगाच्या वहीत उत्तर आधी लिहितात आणि निरीक्षणे त्याला जुळवून घेतात. मार्कही मिळतात. मी तिला एवढेच म्हटले, "तू जे पाहिलेस तेच राहू दे. चाँद दिसला नसेल तर दिसला म्हणशील का?" तिने खोडरबर ठेवून दिला.

चार दिवसांनी ती स्वतःच धावत आली. आवाज चालू ठेवून तिने सगळे चित्रण पुन्हा पाहिले होते. एका तुकड्यात मोहल्ल्याच्या मशिदीची इशाची अज़ान सुरू होताना ऐकू येत होती. आमच्याकडे तेव्हा ती अज़ान आठ वाजता होत असे. त्या क्षणी कॅमेऱ्याच्या घड्याळात 7 वाजून 43 मिनिटे झाली होती. म्हणजे घड्याळ 17 मिनिटे मागे होते. लग्नाच्या शूटिंगला घड्याळाची गरज पडत नाही, ते लावायचे कोणाच्या ध्यानात येणार? 9 वाजून 29 मध्ये 17 मिळवले, 9 वाजून 46 झाले. चार मिनिटांचा फरक उरला. "हा राहू दे ना?" तिने विचारले. आम्ही तो राहू दिला. मुअज्ज़िनचे घड्याळ मिनिटभर पुढे-मागे असेल, पंधरा मिनिटांच्या अंतराने काढलेल्या चित्रणातही तेवढी ढिलाई असते. पुढच्या वेळी चित्रण दर पाच मिनिटांनी करायचे, हे तिनेच वहीत लिहिले.

त्या दिवशी आकडा खोडला असता तर कागदावर सगळे छान जुळले असते. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे आहे हे कधीच कळले नसते आणि पुढच्या प्रत्येक रात्रीची नोंद बिघडत गेली असती. जो आकडा खटकतो, त्यातूनच पुढची वाट सापडते. आईबापांनी मुलांच्या वह्या पाहताना सगळे बरोबर आले का एवढेच विचारू नये. हे तू स्वतः पाहिलेस का, असेही विचारावे.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी डिसेंबर-जानेवारीत रात्री आठ-नऊच्या सुमारास उत्तरेकडे, डोक्याच्या थोडे खाली पाहावे. शर्मिष्ठेची पाच ताऱ्यांची वाकडीतिकडी रेघ लगेच ओळखू येते. तिच्याजवळ ययातीतला सर्वांत ठळक तारा मिरफाक आणि देवयानीच्या टोकाचा तारा अल्माक. ही दोन्ही नावेही अरबीच. या दोघांबरोबर काटकोन त्रिकोण करणारा, काटकोनाच्या जागी बसलेला तारा म्हणजे अल्गोल. एरवी तो अल्माकएवढाच उजळ असतो. एखाद्या रात्री तो अल्माकपेक्षा स्पष्ट फिका दिसला तर समजा, ग्रहण चालू आहे. कॅमेरा नसला तरी चालेल. वहीत तारीख, वेळ, कोणत्या ताऱ्यापेक्षा उजळ आणि कोणत्यापेक्षा मंद, एवढे लिहा. वेळ मोबाइलवरची घ्या, ती नेटवर्कवरून आपोआप लागते. ढग असतील तर 'ढग' असे लिहा. तीही नोंदच आहे.

आणि घरात कॅमेरा असेल, किंवा ओळखीत लग्नाचे शूटिंग करणारा कोणी असेल, तर एका मोकळ्या रात्रीसाठी त्याला विचारून पाहा. अल्गोलचा क्षण तीन आठवड्यांनी पुन्हा आपल्या रात्रीत येणार आहे. तो कुणीतरी पाहिला आणि खरा लिहिला, तरच ते पान भरेल.